बगिच्याआधी सांडवा पाहा: खानदेशातल्या लहान धरणांबद्दल एक खुले पत्र

प्रति,
धुळे, जळगाव व नंदुरबारचे जिल्हाधिकारी,
तिन्ही जिल्हा परिषदांचे मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा जलसंधारण अधिकारी,
नगरपालिकांचे मुख्याधिकारी,
आणि ज्यांच्या शिवारात तलाव आहे अशा सर्व ग्रामपंचायतींचे सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी.

विषय: सहलीची ठिकाणे झालेल्या लहान मातीच्या धरणांची तपासणी व दुरुस्ती.

महोदय, महोदया,

जळगावचा मेहरूण तलाव, धुळ्याजवळचा नकाणे तलाव, तोरणमाळचा यशवंत तलाव या नावाजलेल्या जागा. पण त्या सोडल्या तरी प्रत्येक तालुक्यात दोन-चार पाझर तलाव, साठवण तलाव किंवा जुने गाव तलाव असे आहेत की रविवारी तिथे भरीत-पुरीचे डबे घेऊन घरेच्या घरे जातात. श्रावणात कानबाई तिथेच विसर्जित होते, भाद्रपदात गणपती. लोक येतात म्हणून निधी येतो, आणि निधी आला की बांधावर पेव्हर ब्लॉक, कठडे, बाके, दिव्यांचे खांब आणि रोपे येतात. यातले बरेच बांध १९७२ च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीच्या कामांवर उभे राहिलेले आहेत. त्यांचे वय आता पन्नासच्या आसपास आहे आणि अनेकांचे नकाशे कोणत्याच कार्यालयात सापडत नाहीत.

आमची मागणी एकच आहे. बांध, सांडवा (जादा पाणी बाहेर जायची वाट) आणि विमोचक (तलावातले पाणी सोडायचा दरवाजा व पाइप) तपासून ठीक असल्याचा लेखी दाखला मिळाल्याशिवाय अशा तलावावर सुशोभीकरणाचे कोणतेही काम मंजूर करू नका. आणि जे काम बांधाला इजा करते, ते दाखला असला तरी मंजूर करू नका. ही मागणी का, आणि तपासणीत नेमके काय पाहायचे, ते पुढे लिहिले आहे.

कायद्याचे आधी. धरण सुरक्षा अधिनियम २०२१ हा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटरचे धरण त्यात यायचे तर त्याची लांबी निदान ५०० मीटर, साठा निदान १० लाख घनमीटर किंवा महापुराचा विसर्ग निदान २,००० घनमीटर प्रति सेकंद असावा लागतो, नाहीतर पाया अवघड किंवा संकल्पन (डिझाइन) वेगळे असावे लागते. ज्यांच्याविषयी आम्ही लिहितो आहोत, ते बहुतेक बांध १० मीटरच्या आतले आहेत. पावसाळ्याआधी व नंतर तपासणी करण्याचे कायद्याचे बंधन त्यांच्यावर नाही. म्हणून ते बिनधोक ठरत नाहीत. १० हेक्टरवर पसरलेला आणि सरासरी २ मीटर खोल तलाव म्हणजे २ लाख घनमीटर, २० कोटी लिटर पाणी. बांध फुटल्यावर ते तासाभरात नाल्यात उतरले, तर सरासरी विसर्गच १,९०० क्युसेकच्या वर जातो, आणि पहिला लोंढा त्याच्या कितीतरी पट असतो. नाल्याकाठची खळी, गोठे, वस्ती यांना तेवढे पुरते. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले तेव्हा २० हून अधिक माणसे गेली. सरकारी दप्तरी तेही लघु पाटबंधाऱ्याचे धरणच होते, आणि गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्याचे तेव्हा समोर आले.

आता सांडवा. मातीचा बांध सर्वांत जास्त वेळा फुटतो तो डोक्यावरून पाणी गेल्यामुळे, म्हणून आम्ही इथे जास्त थांबतो. पांझरेच्या खोऱ्यात फड पद्धतीच्या, म्हणजे गावाने मिळून पाणी वाटून घ्यायच्या जुन्या पद्धतीच्या, बंधाऱ्यांवर जादा पाणी काढून देणाऱ्या वाटेला सांडम म्हणतात, आणि पाटकरी, जागल्या अशी माणसे बंधाऱ्याला नेमून दिलेली असत. जादा पाण्याची वाट मोकळी ठेवणे हे कोणाचे तरी काम होते. आजच्या लहान तलावांवर ते कोणाचेच नाही.

एक हिशेब मांडतो. तलावाचा पाणलोट ५ चौरस किलोमीटर आहे असे धरा. तासाला ६० मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातला ६० टक्के वाहून आला, तर सेकंदाला ५० घनमीटर, म्हणजे सुमारे १,७५० क्युसेक पाणी तलावात शिरते. सांडवा ३० मीटर लांब असेल आणि त्यावरून १ मीटर जाडीचे पाणी जाऊ शकत असेल, तर तो सेकंदाला सुमारे ५१ घनमीटर वाहून नेतो. तलाव काठोकाठ भरलेला असला तरी पूर जेमतेम निघून जातो. आता पाणी जास्त साठावे, बोटिंग जास्त महिने चालावे म्हणून कोणीतरी सांडव्यावर ३० सेंटीमीटर उंचीची वाळूची पोती रचतो. तेवढ्याच पातळीला आता ७० सेंटीमीटर जाडीचेच पाणी जाते आणि वहनक्षमता ५१ वरून ३० वर येते. उंची ३० टक्क्यांनी घटली, पण पाणी ४० टक्क्यांनी घटले, कारण विसर्ग पाण्याच्या जाडीच्या दीडाव्या घातात बदलतो. उरलेला पूर मग तलावाची पातळी वाढवत राहतो. महत्तम पूर पातळीच्या, म्हणजे पुरात पाणी जास्तीत जास्त जिथवर चढेल असे धरले आहे त्याच्या, वर बांधाची मोकळी उंची १ मीटर ठेवलेली असेल, तर ३० सेंटीमीटर पोत्यांनी खाल्ली. बांधाचा मधला भाग ४० सेंटीमीटर खचलेला असणे जुन्या भरावात नवलाचे नाही. उरले ३० सेंटीमीटर, आणि वादळी वाऱ्याची लाट तेवढी सहज उसळते.

पोत्यांइतकीच घातक म्हणजे मासेमारीच्या ठेक्यातली जाळी. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून ती सांडव्याच्या उंबरठ्यावर आडवी बांधतात. पहिल्या पुरात तुराट्या, जलपर्णी, प्लॅस्टिक येऊन ती भिंतीसारखी गच्च होते. जाळी लावायचीच असेल तर उंबरठ्यापासून दूर, तलावाच्या आत, अर्धवर्तुळात लावावी. तिची लांबी सांडव्याच्या निदान तिप्पट असावी आणि ती अशा दोरीने बांधावी की भार वाढला की दोर आधी तुटेल. ठेक्याच्या करारात ही अट लिहून घ्या.

सांडव्यातून निघालेले पाणी पुढे कुठे जाते, हेही पाहा. सांडव्याचा चर बुजवून तिथे पार्किंग केलेले असते, किंवा चहाच्या टपऱ्या बसलेल्या असतात. कधी शेजारच्या शेताचा बांध त्यात सरकलेला असतो. चर अडला की पाणी वळून बांधाच्या पायथ्याला घासते. चराचा तळ वाहून खड्डा पडला असेल तर तो खड्डा दर पुरात मागे, सांडव्याकडे सरकतो आणि शेवटी उंबरठाच उखडतो. तिथे मोठ्या दगडांचे किंवा काँक्रीटचे आडवे पडदे हवेत.

बांधाचा माथा आणि उतार. माथ्याची पातळी लेव्हल मशीन लावून दर ३० मीटरवर घ्या. नुसत्या नजरेला ३० सेंटीमीटरचा खोलवा दिसत नाही. पाण्याला मात्र तो सापडतो. पेव्हर ब्लॉकचे नुकसान इथेच आहे: खालचा भराव खचला, भेगाळला, तरी वरून काहीच कळत नाही. माथ्याला तलावाच्या बाजूने हलका ढाळ हवा, म्हणजे पावसाचे पाणी आत जाते. पेव्हरच्या कडेला कर्ब बसवला की ते पाणी अडते, एका ठिकाणाहून बाहेरच्या उतारावर पडते आणि दोन पावसाळ्यांत तिथे घळ होते. खांबांसाठी दीड मीटर खोल खड्डे, केबलसाठी माथ्यातून चर, कारंज्यासाठी भरावातून आरपार पाइप, हे सगळे सैल मातीने बुजवले जाते. बांधाला आडवा जाणारा असा एक चरसुद्धा पाण्याला तयार रस्ता देतो. दिवे हवेत तर ते पायथ्यापासून दूर, बाहेरच्या जमिनीवर लावा.

वृक्षारोपणाबद्दल स्पष्टच लिहितो, कारण हे काम चांगल्या हेतूने होते आणि विरोध केला की लोक दुखावतात. बांधावर झाड लावू नये. निंब, पिंपळ, बाभूळ, गुलमोहर, कोणतेही नाही. मुळे ओलाव्याकडे, म्हणजे भरावाच्या गाभ्याकडे जातात. झाड वादळात उन्मळले तर भरावाचा मोठा गोळा घेऊन पडते. झाड तोडले आणि मुळे आत राहिली, तर काही वर्षांत ती कुजतात आणि जागी पोकळ नळ्या उरतात. वेडी बाभूळ तर न लावताच येते. ती मनगटाइतकी जाड होण्याआधी दरवर्षी मुळासकट काढावी. मोठे झाड असेल तर तलाव रिकामा असताना, आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आसपास, बुंधा व जाड मुळे खणून काढा आणि खड्डा १५ सेंटीमीटरच्या थरांनी धुमसाने ठोकून भरा. माती किती ओली हवी? मुठीत दाबल्यावर तिचा गोळा व्हावा, पण हाताला चिखल लागू नये. उतारावर हरळी हवी, ती माती धरून ठेवते आणि तिच्यात बिळे, ओल, भेगा दिसतात. झाडांची हौस पायथ्यापासून निदान १० मीटर सोडून भागवावी.

आतल्या उताराचे दगडी अस्तर, म्हणजे पिचिंग, घरांच्या पायासाठी उचलून नेलेले बऱ्याच ठिकाणी दिसते. विसर्जनाला सोय म्हणून अस्तर काढून पायऱ्याही कोरल्या जातात. दगड गेला की खालचा मुरूम लाटांनी धुतो आणि पाण्याच्या पातळीवर बांधात कपार पडते. ३० सेंटीमीटर जाडीचा दगड आणि त्याखाली १५ सेंटीमीटरचा मुरूम-चुरीचा थर पुन्हा घालणे हे फार खर्चाचे काम नाही. एका सेल्फी पॉइंटच्या पैशांत बरेच मीटर होते. विसर्जनासाठी घाट हवाच असेल तर तो बांध सोडून तलावाच्या नैसर्गिक काठावर बांधा.

खानदेशाची म्हणून एक वेगळी गोष्ट आहे: उन्हाळा. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांवर जातो. बांधाच्या गाभ्यात काळी माती असते. ती ओली असताना पाणी छान अडवते आणि सुकली की फाटते. तलाव दोन-तीन वर्षे कोरडा राहिला आणि मग एकाच पावसात भरला, ही आमच्या मते सर्वांत धोक्याची वेळ आहे. माती फुगून भेग मिटण्याआधीच पाणी तिच्यातून पलीकडे पोहोचते. लांबीच्या दिशेने गेलेली भेग उतार घसरण्याची खूण असू शकते. बांधाला आडवी, आतून बाहेर जाणारी भेग त्याहून वाईट, कारण ती थेट वाट असते. मेच्या मध्यात बांध चालून पाहावा. भेगेत चुन्याचे पाणी ओतावे आणि मग खणावे; पांढरी रेघ जिथवर उतरली आहे, तिथवर भेग आहे. तिच्याखाली आणखी ३० सेंटीमीटरपर्यंत, ठोकायला जागा मिळेल इतका, निदान ६० सेंटीमीटर रुंद चर खणून तोच थराथरांचा भराव करावा. वरून माती लोटून भेग झाकणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. घुशी, साळिंदर यांची बिळेही अशीच शेवटापर्यंत खणून भरायची असतात.

गळती. प्रत्येक मातीचा बांध थोडा पाझरतो. किती पाझरतो, वाढतो आहे का, आणि सोबत माती आणतो का, एवढे कळले पाहिजे. पायथ्याला उन्हाळ्यातही हिरवा राहणारा पट्टा, पाणकणीस किंवा लव्हाळा दिसला तर तिथे पाझर आहे. (पायथ्यावर बगिचा करून त्याला रोज पाणी दिले की ही खूण पुसली जाते, हे आणखी एक कारण.) यावल, रावेर, चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीखाली वाळू-गोट्यांचे थर आहेत, तिथे पाणी बांधाच्या खालून निघते आणि पायथ्यापासून बरेच दूर उगवते. धुळे, साक्री, नंदुरबारकडे काळ्या खडकातल्या डाइकच्या (खडकात उभ्या घुसलेल्या दगडी भिंतीच्या) कडेच्या भेगांतून ते बांधाच्या टोकांना, डोंगराशी जोडाच्या जागी दिसते. म्हणून फक्त मधला पायथा पाहून परत फिरू नये.

मोजणी सोपी आहे. पाझर एका चारीत गोळा करा आणि १५ लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते पाहा. ३० सेकंद लागले तर सेकंदाला अर्धा लिटर. पत्र्याची ९० अंशांची व्ही नॉच (इंग्रजी V आकाराची खाच) बसवली तर रोज खाचेतल्या पाण्याची नुसती उंची वाचायची: ५ सेंटीमीटरला सुमारे पाऊण लिटर, १० सेंटीमीटरला सुमारे ४.४ लिटर प्रति सेकंद. आकड्याशेजारी तलावाची पातळी आणि पाऊस लिहावा. पातळी तीच आणि पाझर वाढला, तर आत काहीतरी झिजते आहे. पाणी काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवा. तळाशी गाळ बसला तर वाट पाहू नका, त्याच दिवशी अभियंता बांधावर हवा.

पायथ्याला वाळू उसळवणारी उकळी दिसली तर लोक घाईने तिच्यावर चिकणमाती किंवा सिमेंट टाकतात. हे कधीही करू नये. दाबलेले पाणी दुसरीकडे, जास्त जोराने फुटते. पाणी वाहू द्यायचे आणि माती थांबवायची. आधी १५ सेंटीमीटर जाड वाळू, तिच्यावर १५ सेंटीमीटर खडी, मग दगड, आणि भोवती पोत्यांचे कडे, म्हणजे आत पाणी चढून दाब कमी होतो. यासाठी मृगाआधी प्रत्येक बांधाजवळ २०० रिकामी पोती, १ ब्रास वाळू, १ ब्रास खडी, २ ब्रास दगड, दोर, फावडी, पाट्या आणि चांगल्या बॅटऱ्या ठेवाव्यात. रात्री दोन वाजता पावसात वाळूचा ट्रॅक्टर मिळत नाही.

विमोचकाचा दरवाजा वर्षात दोनदा, मेमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये, पूर्ण उघडून बंद करावा आणि चक्राचे किती फेरे लागले ते लिहून ठेवावे. स्पिंडल (दरवाजा उचलणारा दांडा) वाकलेला, चक्र चोरीला गेलेले, तोंडाशी गाळ, ही नेहमीची दुखणी. पण मोठा दोष वेगळा आहे. काही ठिकाणी आतला दरवाजा निकामी झाला म्हणून पाइपाच्या बाहेरच्या टोकाला व्हॉल्व्ह बसवलेला असतो. मग भरावातला सगळा ह्यूम (काँक्रीटचा) पाइप कायम दाबाखाली राहतो, सांध्यांतून पाणी भरावात शिरते आणि पाइपाच्या कडेने माती वाहून नेते. असा व्हॉल्व्ह जिथे असेल तिथे आतला दरवाजा दुरुस्त करून बाहेरचा काढा. आणि तलाव उतरवायची वेळ आली तर दिवसाला साधारण ३० सेंटीमीटरपेक्षा वेगाने उतरवू नका, नाहीतर ओला आतला उतार घसरतो. बांध फुटायला आला असेल तेव्हा मात्र हा नियम बाजूला ठेवून जमेल तितके पाणी काढा.

गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेतून गाळ निघतो, शेताला सोने मिळते, त्याला आमचा पाठिंबा आहे. पण पोकलेन बांधाच्या आतल्या पायथ्याला भिडवू नका. तिथला साचलेला गाळ पाण्याला खाली शिरू न देणाऱ्या गादीचे काम करतो. तो खरवडला की खालचा मुरूम उघडा पडतो आणि पुढच्या पावसाळ्यात पायथ्याला नवा पाझर सुरू होतो. बांधाच्या उंचीच्या निदान पाचपट अंतर सोडून खोदाई करावी, अशी आमची सूचना आहे. खड्डेही उभ्या कडांचे ठेवू नयेत. तलाव भरल्यावर गुडघाभर पाण्यात चालणारे पोर पुढच्या पावलाला चार मीटर खोल जाते. अशा बुडण्याच्या बातम्या दर उन्हाळी सुट्टीत येतात.

माणसांच्या सुरक्षेचे आणखी दोन मुद्दे. सांडवा वाहत असताना त्यावर उभे राहून फोटो काढायला मज्जाव हवा. शेवाळलेल्या काँक्रीटवर घोटाभर वाहते पाणीही पाय काढून नेते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या खाली तर कोणीच उतरू नये. तिथे पडणारे पाणी तळाशी जाऊन परत बंधाऱ्याकडे फिरते आणि पोहणाऱ्याला त्याच जागी फिरवत ठेवते. वाचवायला उडी घेणारा दुसराही तिथेच अडकतो. काठावर दर ५० मीटरवर २० मीटर दोर बांधलेला, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन टांगून ठेवा. बोटिंगचा ठेका असेल तर जॅकेट घातल्याशिवाय कोणी बोटीत बसणार नाही आणि सांडव्यापासून ५० मीटरच्या आत बोट येणार नाही, अशा अटी घाला.

शेवटी जबाबदारीचे. पाणी एका खात्याचे, जमीन दुसऱ्याची, मासे ठेकेदाराचे आणि बगिचा नगरपालिकेचा, अशी स्थिती असते. गळतीचा अर्ज मग या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो. प्रत्येक जिल्हाधिकाऱ्यांनी आपल्या जिल्ह्यातल्या अशा तलावांची यादी करून प्रत्येकापुढे एका अधिकाऱ्याचे पद लिहावे. तलावावर फलक लावावा: बांधाची उंची, पूर्ण संचय पातळी, सांडव्याची लांबी, शेवटच्या तपासणीची तारीख, जबाबदार अधिकाऱ्याचे पद व कार्यालयाचा दूरध्वनी, आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७. खालच्या २ किलोमीटरमधल्या नाल्याकाठच्या घरांची यादी ग्रामपंचायतीत असावी आणि रात्री त्यांना उठवायचे कोणी, कोणत्या भोंग्यावरून, हे ठरलेले असावे. तलाव भरत असताना दिवसातून एकदा, आणि अतिवृष्टीत दर दोन तासांनी, बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणारा एक माणूस रोजंदारीवर नेमा.

यादी आणि पहिली पाहणी आखाजीपर्यंत व्हावी. भेगा, झाडे, सांडवा, दरवाजा ही कामे मृग लागण्याआधी पुरी व्हावीत. पाहणीला आमच्यापैकी जो जवळ असेल तो विनामोबदला येईल. लेव्हल मशीन आणि व्ही नॉचचा पत्राही आम्ही आणू.

आपले,
खानदेशातल्या लहान धरणांच्या बांधकामावर व देखभालीवर काम केलेले अभियंते, मिस्त्री आणि चौकीदार